मला नाउरू द्या

होस्टेलच्या खोलीत मैत्रीण मोसंबी सोलत होती. माझ्यासमोरच्या पुस्तकात दोन बेट-देशांची तुलना होती: तुवालू सव्वीस चौरस किलोमीटर, नाउरू एकवीस. सालीच्या वासाने मी थेट तीर्थपुरीजवळच्या आमच्या शेतात पोहोचले.

तेव्हा मी सातवीत होते. बाबा आणि काका यांची वाटणी चालली होती. आमच्याकडे थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. बाबांनी एका वाट्यात विहिरीजवळची सलग मोसंबीची बाग ठेवली होती. दुसऱ्यात जमीन जास्त, पण तीन ठिकाणी विखुरलेली. मी बाजूला नकाशा उघडून गृहपाठ करत होते.

"काय मास्तरीणबाई, कोन्ता देश मोठा?" काकांनी विचारलं.

"तुवालू. पण त्याची नऊ बेटं हायेत, मधी समुद्र. नाउरू बारका, पण एकाच जागी."

"मंग दादा, मला नाउरू द्या!"

सगळे हसले. बाबाही हसले आणि हातातली सोललेली मोसंबी त्यांनी काकांना दिली. माझ्या हुशारीवर सगळे खूश आहेत, असं मला वाटलं.

काका कदाचित आधीच ठरवून आले असतील. तरी हसत हसत बाग मागायचे शब्द त्यांना मीच पुरवले. आमच्या एका तुकड्याची वाट त्या बागेतून जाते, आणि यंदा काकांनी तिथे तारेचं कुंपण घातलं.

त्या रात्री होस्टेलवरून बाबांना फोनवर विचारलं, शेतात कसे जाता?

"लांबून जाऊन राह्यलो, माय. तू काय वाचून राह्यली?"

"भूगोल," एवढंच मी सांगितलं.