उसनं हाड

आमच्याकडे संध्याकाळचं जेवण एका ताटात व्हायचं. मी आणि अव्वा, म्हणजे माझी आई. अप्पा गेले त्या वर्षी तिला एकटीच्या ताटातला घास उतरेना, म्हणून ती माझ्या ताटात हात घालून जेवू लागली आणि पुढे तेच चालू राहिलं. मी लग्न केलं नाही. शाळेत शिकवून निवृत्त झाले, जुळे सोलापुरात छोटा फ्लॅट घेतला, गावाकडून तिला घेऊन आले. भांड्यांची मांडणी भरलेली, पण ताट लागायचं एकच.

अव्वाच्या तोंडात कित्येक वर्षं एकही दात नाही. ती कडक भाकरी दुधात कुस्करायची आणि मी तीच भाकरी शेंगाचटणीबरोबर कडाकडा मोडून खायची. तिला तो आवाज फार आवडायचा. "वाजू दे," म्हणायची. जणू अर्धी भाकरी ती कानानंच खात होती.

मग मी स्कूटीवरून पडले आणि वरचे समोरचे दोन दात गेले. काढघाल करायचे दात बसवून घेतले, ते एका लग्नाच्या पंगतीत आमटीत पडले. त्या दिवसापासून दात डबीत आणि माझा हात तोंडावर. हसायचं तरी पदर, बोलायचं तरी पदर. भाकरी मीही दुधात कुस्करू लागले. "एका ताटात दोन बोळकी," अव्वा म्हणायची. ती हसायची आणि मला राग यायचा.

शेवटी पक्के दात बसवायचे ठरवून दवाखान्यात गेले. डॉक्टरीण माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. एक्सरे उजेडात धरून ती म्हणाली, "मावशी, दात गेल्यावर तिथलं हाडही हळूहळू विरतं. स्क्रू बसवायला तुमच्याकडे हाडच उरलेलं नाही. आधी हाड भरावं लागेल." मग तिनं विचारलं, "तुम्ही शाकाहारी का?"

मला वाटलं, पथ्याचं विचारतेय. "अंडंसुद्धा नाही," मी तोंड उघडं ठेवूनच सांगितलं. उघड्या तोंडानं अभिमान नीट सांगता येत नाही.

तेव्हा तिनं समजावलं. भरायचं हाड म्हणजे बारीक दाणे. ते गाईगुरांच्या हाडापासून करतात, भट्टीत भाजून, त्यातलं मांस-रक्त सगळं जाऊन नुसता चुन्यासारखा भाग उरतो. माझ्याच हनुवटीतलं हाड काढता आलं असतं, पण मला साखरेचा त्रास, दुसरी जखम तिला नको होती. कृत्रिमही मिळतं, पण माझ्या जागेवर ते टिकेल याची तिला खात्री नव्हती. "घरी विचारून या," ती म्हणाली. सोलापुरात दवाखाना चालवायचा तर हे कळावंच लागतं.

आमचं घर लिंगायत. वरच्या मजल्यावर मासे तळले की अव्वा घरभर ऊद फिरवते. एकदा कुणा पाहुण्यानं आमच्या पातेल्यात अंडी उकडली, तर तिनं ते पातेलं भंगारात दिलं. तिला न सांगता करता आलं असतं. हाड काय, बाहेरून थोडंच दिसतं? पण जिचा हात माझ्या ताटात, तिच्यापासून माझ्या तोंडातली गोष्ट लपवायची कशी?

सांगितलं. ती वाती वळत होती. वळतच राहिली.

"मेलेलं का मारलेलं?" तिनं विचारलं.

हे मला सुचलंच नव्हतं. परत जाऊन डॉक्टरणीला विचारलं. तिनं पेन खाली ठेवलं. "खोटं नाही सांगत, मावशी. मारलेलंच असणार. बाहेरच्या देशात खाण्यासाठी मारतात, त्यांचं हाड." मला तिचा इतका राग आला. थोडं खोटं बोलली असती तर काय बिघडत होतं? पण मी ते उत्तर तसंच घरी आणलं.

अव्वाला राग आला की ती कानडीत बोलते. त्या दिवशी ती कुठल्याच भाषेत बोलली नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर दोन ताटं मांडलेली. अजून माझ्या तोंडात काही गेलंही नव्हतं. आम्ही समोरासमोर बसून आपापलं जेवलो. एवढ्या वयाची मी, ताट वेगळं झालं म्हणून बेसिनपाशी उभी राहून रडले.

संक्रांत झाली आणि एका दुपारी अव्वा म्हणाली, "मला रानात ने."

आमचं रान होटगीच्या पुढं. आता चुलतभाऊ कसतो. रिक्षा करून गेलो. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कणसं भरलेली, आणि वाऱ्यानं सगळं रान सळसळत होतं. अव्वा बांधावर बसली आणि रानाच्या एका कोपऱ्याकडे बघत राहिली. मला माहीत होतं ती कुठं बघतेय. मी शाळेत जात होते तेव्हा आमची तांबडी गाय तिथं पुरली होती. अप्पांनी खड्ड्यात मीठ घातलं, अव्वानं तिच्या अंगावर आपलं चांगलं धडकं लुगडं पांघरलं. अप्पा दोन दिवस जेवले नव्हते.

उन्हात बसल्या बसल्या माझा डोळा लागला. ज्वारीतून काहीतरी चालत येत होतं. ज्वारीची ताटं हलत होती, आधी लांबची, मग जवळची. घुंगुरमाळ वाजत होती. मला भीती वाटली नाही. ती येऊन माझ्या तोंडाला नाक लावेल असं वाटलं, तिचा तो ओला, गवताच्या वासाचा श्वास गालावर आलासुद्धा. जागी झाले तर अव्वाचा हात माझ्या गालावर होता. खरखरीत, गरम.

"करून घे," ती म्हणाली. "तुजं झाकलेलं तोंड मला बघवत न्हाय. पर ताटाचं इचारू नको. माजं मन तेवढं मोटं न्हाय गं."

मी नाही विचारलं.

ते दाणे मी पाहिले. मीच दाखवा म्हटलं. ज्वारीच्या कण्यांसारखे, पांढरट. माझ्याच रक्तात कालवून ते लाल झाले, मग आत भरले, वर पातळ पापुद्रा ठेवून टाके घातले. "आता हे विसरा," डॉक्टरीण म्हणाली. "पावसाळाभर त्याला तुमचं होऊ दे."

विसरतंय कोण? उन्हाळा गेला, पाऊस लागला, आणि मी गॅलरीत बसून जिभेनं ती जागा चाचपत राहायची. वाटायचं, कुठल्या थंड देशातलं कुरण असेल, ते जनावर पावसात कसं उभं राहत असेल, आणि आता ते सोलापूरच्या उकाड्यात माझ्या तोंडात येऊन बसलंय. त्याला इथलं पाणी मानवेल का? माझ्या मनात त्याची दया दाटून यायची. कुणी न विचारता त्यानं दिलं होतं. कधी कधी मी मनातल्या मनात त्याला म्हणायची, रहा बाई. आणि आत अव्वा दोन ताटं मांडायची.

दिवाळीनंतर दात बसले. घरी आले तर घरात भाजल्याचा वास. अव्वा कडक भाकरी नेहमी विकतची आणायला लावते, त्या दिवशी स्वतः थापल्या होत्या, तव्यावर कडक केल्या होत्या. चुलतभावानं पाठवलेली रानातली ज्वारी होती ती. पहिला तुकडा तिनं गाईसाठी कट्ट्यावर बाजूला ठेवला. आणि जमिनीवर एकच ताट.

मी उभीच राहिले.

"बस की," ती म्हणाली. भाकरीकडे बघत सावकाश बोलू लागली. "तांबडी पुरली तितली ज्वारी दरसाल उंच येती. म्या लई दिस ध्यान दिलं न्हाय. आपण तीच भाकरी खात आलो की गं. तू, अप्पा, मी. तिचं हाड आमच्या बी अंगात हाय. मग मी कुटली सोवळी?"

तिनं आपल्या वाटणीची भाकरी दुधात कुस्करली आणि वाटी ताटात ठेवली. मग ताट थोडं माझ्याकडे सरकवलं.

"वाजू दे."

मी पदर खाली सोडला. समोरच्या दोन दातांत भाकरी धरली. धीर होईना. मग चावले. कड्कन वाजलं, आणि आत सगळं घट्ट राहिलं.

अव्वानं डोळे मिटून घेतले होते.

"अजून एकदा," ती म्हणाली.