तबिताबाई रतनगड चढतात

दुपारचे अडीच वाजलेत आणि तबिताबाईंना झोपायचं अजिबात नाही. पाच वाजता चर्चमध्ये कसबे सरांच्या पहिल्या स्मृतिदिनाची उपासना आहे आणि सरांचं जीवनवृत्त बायकोनंच वाचावं असं मंडळीचं ठरलं आहे. इस्त्रीची पांढरी साडी नेसून झाली आहे. कागद छातीवर आहे, चष्मा नाकावर आहे, पंखा कुरकुरतो आहे. जरा पाठ टेकू, एवढंच त्या म्हणतात.

जीवनवृत्त चर्चच्या पाळकांनी लिहून दिलंय, आणि लिहिलंय फक्कड. नहेम्या कसबे, मिशन शाळेचे ड्रिलमास्तर. चौतीस वर्षं नोकरी. शेकडो मुलामुलींना गड दाखवले, दोर धरायला शिकवलं, देवाची करणी डोंगरात पाहिली. सगळं खरं आहे. पण शेवटी एक ओळ आहे, 'पत्नीचे ते आयुष्यभराचे सच्चे सोबती होते,' आणि सकाळपासून त्या ओळीशी आलं की तबिताबाईंची जीभ अडते. देवाच्या घरात उभं राहून खोटं कसं वाचायचं? आणि गाळावी तर अख्खी मंडळी विचारणार, बाई, ओळ कुठं गेली?

मागच्या नोव्हेंबरात सर रतनगडाच्या वाटेवर एका दगडावर बसल्या बसल्या गेले. किती भाग्याचं मरण, असं येणारा-जाणारा म्हणाला. तबिताबाई त्या वेळी झाकून ठेवलेल्या भाकरीपाशी बसल्या होत्या. त्यांच्या भाग्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

पंखा थांबतो. वीज गेली वाटतं, म्हणून त्या उठून स्वयंपाकघरात जातात, तर तिथं सर उकिडवे बसून तीन दगडांच्या चुलीवर पिठलं ढवळताहेत. खाकी हाफपँट, गळ्यात शिट्टी, डोक्याला पंचा. ओट्याच्या जागी काळा कातळ आहे आणि फडताळामागं खोल दरी. तबिताबाईंना त्याचं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते सरांच्या हातात पळी बघून.

"तुम्हाला पिठलं येतं?"

"अगं, डोंगरात कोण करून घालणार? मीच करायचो. पोरं बोटं चाटायची."

"मला न्यूमोनिया झाला तेव्हा शेजारची सगुणा पेज आणून द्यायची. तुम्ही चहाचं आधणसुद्धा ठेवलं नाहीत."

"बस," सर म्हणतात. "उभ्यानं भांडू नकोस."

बसायला जावं तर ते चर्चचं बाक आहे, आणि बाकापुढून लोखंडी शिडी वर निघाली आहे. सर पातेलं घेऊन चढूसुद्धा लागलेत. तबिताबाई पदर खोचतात आणि मागोमाग निघतात. गुडघे दुखत नाहीत, दम लागत नाही, खाली बघितलं तर त्यांच्याच घराचं अंगण दिसतं, वाळत घातलेल्या चादरीसकट. शेवटच्या पायरीवर सर वळतात आणि हात पुढं करतात.

"दे हात. घाबरू नकोस, मी आहे."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात हा हात असा कधी पुढं आला नव्हता. तो किती सहज येतो, याचाच तबिताबाईंना भयंकर राग येतो. पण हात त्या धरतात. वर वारा आहे, माथ्यावर पाण्याचं टाकं आहे आणि टाक्याच्या काठावर दोन ताटल्या मांडलेल्या आहेत.

सर डोळे मिटून जेवणाआधीची प्रार्थना करतात. घरी ही प्रार्थना दोन शब्दांत आटपायची आणि हात भाकरीवर जायचा. इथं मात्र ती संपता संपत नाही. सर एकेका पोराचं नाव घेऊन मागताहेत, कुणाची परीक्षा, कुणाच्या आईचं दुखणं, कुणाचं नुसतंच भित्रं मन. आवाज इतका मऊ आहे की तबिताबाई एक डोळा उघडून बघतात, हा माणूस तोच ना? आपलं नाव येईल म्हणून त्या वाट बघतात. आमेन येतं.

"सगळ्यांना आणलंत इथं," त्या म्हणतात. "त्या बँक मॅनेजरच्या बायकोला तर हाताला धरून आणलंत, फोटो बघितलाय मी. मला का नाही?"

"तुझे गुडघे..."

"बाविसाव्या वर्षी कसले गुडघे?"

सर ताटलीत बोट फिरवत राहतात. खालून कुठूनतरी चर्चची घंटा ऐकू येते.

"खरं सांगू?" ते म्हणतात. "इथं मी चांगला माणूस होतो, तबी. तू बघितलं असतंस, तर मग घरीही तसं राहावं लागलं असतं."

तबिताबाईंना रडू येत नाही, संताप येतो. चाळीस वर्षं त्या समजत होत्या की या माणसापाशी माया कमीच, देवानंच हात आखडता घेतला असेल, बोल कुणाला लावायचा? तर माया इथं होती, पातेलंभर. पोटभर वाटून झाल्यावर हा गृहस्थ रिकामा होऊन घरी यायचा.

"मग आज कसं आणलंत?"

"आता परत घरी यायचं नाही ना," सर म्हणतात, अगदी प्रेमानं.

तबिताबाई कागद त्यांच्यापुढं धरतात. सर पोरांच्या वह्या तपासायचे तसे तो लांब धरून वाचतात आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवतात.

"हे खोड."

"तुम्हीच खोडा."

"माझ्या हातात आता पेन्सिल राहत नाही गं."

"काकू! अहो काकू, पाळक गाडी घेऊन आलेत!"

पंखा कुरकुरतो आहे. पुतणी प्रिसिला दारात उभी आहे. तबिताबाई उठून बसतात, पलंगाखाली गेलेला कागद काढतात, प्रिसिलाच्या पर्सला लावलेलं पेन मागून घेतात आणि शेवटच्या ओळीवर एक सरळ रेघ मारतात. त्या जागी दुसरं काही लिहावं का, याचा क्षणभर विचार करतात. काही लिहीत नाहीत.

"अगं बाई, काकू, साडीला हे काय?" प्रिसिला खाली वाकते. पांढऱ्या काठाला घोट्यापासून वीतभर वरपर्यंत वाळकी कुसळं रुतून बसली आहेत. "कुठं गेला होतात? थांबा, काढते मी."

ही कुसळं तबिताबाई ओळखतात. एकेचाळीस वर्षं दर रविवारी संध्याकाळी उंबऱ्यावर बसून त्या सरांच्या मोज्यांतून ती एकेक करून उपटत आल्या, नखं दुखेपर्यंत.

"राहू दे," त्या प्रिसिलाचा हात बाजूला करतात. "त्यांची काढली तेवढी पुरे झाली. ही माझी आहेत."