मावशींचा शेवटचा नंबर

मावशी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहायच्या, त्याला आता वीसेक वर्षं होत आली होती. गिऱ्हाईक दारातून आत शिरलं की त्याच्या नाकाकडे एकदा बघून कुठली फ्रेम बसेल आणि कुठली घसरेल हे त्या सांगायच्या. पण नव्या शाखेची मॅनेजर पदवीधरच हवी, असं मालकांचं ठाम मत होतं. मालक स्वतः पदवीधर नव्हते, त्यामुळे त्यांना पदवीचं अपार कौतुक होतं.

झालं, लेक कॉलेजातून बाहेर पडली आणि आई संध्याकाळच्या वर्गात शिरली. पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाने त्यांना मावशी करून टाकलं. आपल्यापेक्षा मोठ्या बाईला काय म्हणायचं हा प्रश्न सुटला, की मग तिच्याशी बोलण्याचीही फारशी गरज उरत नाही. तशी ती उरली नाही.

कॉलेजात शिक्षण क्रेडिटमध्ये मोजतात. सत्रभर आठवड्याला तीन तास बाकावर बसायचं, शेवटी पास व्हायचं, की तीन क्रेडिट तुमच्या नावावर. अशी एकशे वीस जमली की तुम्ही शहाणे. एकशे एकोणीस जमली, तर होतात तसेच. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत त्यांना श्रेयांक म्हटलं आहे, पण पुस्तिका छापणारा सोडला तर तो शब्द कोणाच्या तोंडी नाही.

मावशींची एकशे सतरा जमली होती. त्यांतली तीन पर्यावरणाची होती. त्या विषयात कागद वाचवण्यावर जाडजूड गठ्ठा वाटला होता, तोही एकाच बाजूला छापलेला. तीन व्यक्तिमत्त्व विकासाची होती, आणि तो विकास लेकीपेक्षा दोन वर्षांनी लहान असलेल्या एका मॅडमनी करून दिला होता. हे सगळं मावशींनी निमूटपणे पार पाडलं. अडलं ते संख्याशास्त्राशी. त्याच्याशिवाय पदवी नव्हती, आणि त्यात मावशी दोनदा आपटल्या होत्या.

कॉलेजात प्रत्येकाची एक शैक्षणिक स्थिती असते. मावशींची आधी ‘समाधानकारक’ होती. पहिल्यांदा नापास झाल्यावर ती ‘ताकीद’ झाली, दुसऱ्यांदा ‘निरीक्षणाखाली’. निरीक्षण नेमकं कोण करत होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही. ऑफिसातल्या खिडकीवरचा माणूस तर दर वेळी त्यांना कोणाची तरी आई समजून “मुलाला पाठवा” म्हणायचा. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कायमचं कमी होणार होतं आणि एकशे सतराच्या एकशे सतरा क्रेडिट पाण्यात जाणार होती.

“म्हणजे तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?” नवरा म्हणाला. तो बारावीनंतर पुस्तकाच्या वाटेला गेला नव्हता. “माझे पाय तरी दुखले नाहीत.”

आता या संख्याशास्त्राची गंमत. इथे तुम्हाला किती मार्क पडले याला महत्त्व नव्हतं, इतरांना किती पडले याला होतं. वरच्या चौघांना ‘अ’, मग ‘ब’, मग ‘क’, आणि जो शेवटचा तो नापास, मग त्याला ऐंशी का पडेनात. एखाद्या वर्षी सगळेच पास झाले तर पेपर सोपा काढला असा ठपका सरांवर यायचा. सर स्वभावाने वाईट नव्हते. पण कडक म्हणून त्यांचं नाव होतं, आणि ते टिकवायला दरसाल एक माणूस लागायचा.

सत्राच्या मधल्या चाचणीचे मार्क लागले तेव्हा तो माणूस सापडला. मावशी शेवटून पहिल्या होत्या. शेवटून दुसरी होती त्यांच्याच बाकावर बसणारी मुलगी. ती दिवसा एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची, वसतिगृहात राहायची आणि वर्गात येईपर्यंत निम्मी झोपलेली असायची. मावशी तिला शेजारीण म्हणायच्या.

मावशींनी शांतपणे हिशेब मांडला. परीक्षेआधी ठरलेल्या तारखेपर्यंत अर्ज देऊन विषयातून नाव काढून घेता येत होतं. काढलं तर नापास धरत नव्हते, पुढच्या वर्षी पुन्हा बसायची मोकळीक होती. त्यांनी अर्ज आणला, भरला आणि पर्समध्ये ठेवला.

ही बातमी वर्गात कशी फुटली कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी मावशी वर्गात आल्या तर त्यांच्यासाठी पंख्याखालची जागा राखलेली होती.

वर्गातला पुढारी स्वतः चहा घेऊन आला. “मावशी, तुम्ही नाव काढताय म्हणे? अहो, तुमच्याशिवाय वर्गाला शोभा नाही!”

“तुमच्यामुळे आम्हाला केवढी प्रेरणा मिळते,” टॉपर म्हणाला. या मुलाने दोन सत्रांत मावशींना एकच वाक्य ऐकवलं होतं, आणि ते “जरा सरकता का” असं होतं.

सगळा वर्गच मायेने भरून आला. कोणी छत्री धरली, कोणी पिशवी उचलली, कोणी बसस्टॉपपर्यंत सोडायला आलं. मावशी हरखून गेल्या. घरी जाऊन त्यांनी हे सगळं रंगवून सांगितलं.

लेक जेवता जेवता थांबली. “आई, तू शेवटची आहेस ना?”

“हो. मग?”

“मग तू गेलीस की शेवटचं दुसरं कोणीतरी होणार. प्रत्येकाला वाटतंय, ते आपण असू. त्यांना तू आवडत नाहीस गं. त्यांना तुझा नंबर आवडतो.”

मावशींनी ताट बाजूला सारलं. छत्री, पिशवी, पंखा, सगळं एका क्षणात कडू झालं. वीस वर्षं गिऱ्हाइकांची तोंडं वाचून या पोरांची वाचता आली नाहीत, याचा त्यांना भयंकर राग आला. पण सकाळी उठल्या तेव्हा रागाच्या जागी दुसरंच काहीतरी डोक्यात शिजत होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी वर्गात अर्ज बाकावर काढून ठेवला आणि त्याच्यावर चष्मा ठेवला.

“मला राहायचं आहे रे,” त्या पुढाऱ्याला म्हणाल्या, “पण काही समजतच नाही. कोणी समजावून सांगितलं असतं तर धीर आला असता.”

मग काय, शिकवणाऱ्यांची रांग लागली. अडचण एकच होती. मावशी राहतील इतपत त्यांना यायला हवं होतं, पण पुढे जातील इतपत नको होतं. तेव्हा जो तो हातचं राखून शिकवू लागला. टॉपरने प्रमाण विचलन शिकवलं आणि शेवटी वर्गमूळ काढायचं असतं हे सांगायला तो विसरला. पुढाऱ्याने दोन गोष्टींचा परस्परसंबंध कसा काढतात ते दाखवलं आणि “उत्तर उणे आलं तरी ते चिन्ह सोडून द्यायचं” म्हणाला. तिसऱ्याने पुस्तकामागचे तक्ते वाचायला शिकवले, फक्त कोणत्या रकान्यात बघायचं ते गाळलं.

मावशी दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याला निरागसपणे विचारायच्या, “टॉपरने हे असं शिकवलंय, बरोबर आहे ना?”

“काय? वर्गमूळ नाही सांगितलं? बघा मावशी, किती कोत्या मनाचा आहे!” आणि पुढारी वर्गमूळ सांगून टाकायचा. मग टॉपर पुढाऱ्याचं उणे चिन्ह दुरुस्त करायचा. आपलं हातचं प्रत्येकाने जपलं, पण दुसऱ्याचं चव्हाट्यावर आणताना कोणीही मागेपुढे पाहिलं नाही. शिकवणी जरा ढिली पडली की मावशी पर्समधून अर्ज काढून त्याची घडी नीट करत बसायच्या.

हातचं न राखणारी एकटी शेजारीण होती, पण तिच्याकडे मुळात फार काही नव्हतंच. जे येत होतं ते ती पूर्ण सांगायची. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी ती जिन्यात थांबली.

“मावशी, एक सांगू? तो अर्ज देऊन टाका. यांचं ऐकू नका. तुमचं सगळंच जाईल.”

“आणि मी गेले तर शेवटचं कोण, ठाऊक आहे ना तुला?”

“ठाऊक आहे.” ती जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिली. “म्हणून तर इतके दिवस सांगायला जीभ रेटत नव्हती.”

मावशींना तिच्याबद्दल फार माया वाटली, आणि तरीही त्यांनी अर्ज दिला नाही. नवी शाखा वर्षअखेरीला उघडणार होती, मालक थांबणार नव्हते, आणि आपल्याला आता येतंय हे मावशींना पहिल्यांदाच पोटातून जाणवत होतं. जिन्यातलं बोलणं त्यांनी आनंदाच्या भरात मागे टाकलं.

तारीख उलटली. दुसऱ्या दिवशी पंख्याखाली टॉपर बसला होता. पुढाऱ्याच्या हातात एकाच माणसापुरता चहा होता. “मावशी, जरा सरकता का,” कोणीतरी म्हणालं. मावशी सरकल्या, मनातल्या मनात हसल्या आणि मागच्या बाकावर जाऊन वर्गमुळं काढत बसल्या.

निकाल लागला. मावशींना ‘क’ मिळाला. शेवटून चौथ्या. एकशे वीस पूर्ण! त्यांनी तिथल्या तिथे नवऱ्याला फोन लावला. “आता काय आमच्याशी बोलणार तुम्ही,” तो म्हणाला, आणि त्याने घाईघाईने फोन लेकीच्या हातात दिला. फोन ठेवून मावशींनी यादी वरून खाली निवांत वाचली. सगळ्यात खाली शेजारणीचं नाव होतं. चौसष्ट मार्क. नापास.

शेजारीण मागेच उभी होती. “अभिनंदन, मावशी,” ती म्हणाली, आणि खरंच मनापासून म्हणाली, हेच वाईट होतं. “कोणीतरी असणारच होतं ना.”

मावशींच्या आनंदाची माती झाली. नियम सरांचा, शिक्का ऑफिसचा, पण त्या पोरीला ओलांडून वर चढलेला पाय आपला होता, हे त्यांना टोचत राहिलं. नवी शाखा मिळाली, केबिन मिळाली, भिंतीवर पदवी लागली. मालक रोज येऊन तिच्याकडे कौतुकाने बघायचे. मावशी शक्यतो तिच्याकडे पाठ करून बसायच्या. शेजारणीची स्थिती आता ‘ताकीद’ होती, आणखी एकदा नापास झाली की वसतिगृहातली खोली जाणार होती.

एका दुपारी दुकानात शुकशुकाट होता. मावशींनी खणातून ती माहितीपुस्तिका काढली आणि जी कोणी वाचत नाही ती मागची पानं वाचली. तिथे एक नियम होता. पास झालेल्या माणसाला हौस असेल तर श्रेणी सुधारण्यासाठी पुन्हा त्याच विषयाला बसता येतं, आणि दोन्ही वेळच्या श्रेणींतली वरची तेवढी धरली जाते. आजवर ही हौस कोणालाही झाली नव्हती.

नव्या सत्रात मावशी वर्गात शिरल्या आणि वर्गाचं धाबं दणाणलं. गेल्या वर्षीची गोष्ट सगळ्यांच्या कानावर होती. ही बाई दिसते साधी, पण भल्याभल्यांना मागे टाकते! आठवड्याभरात नवा पुढारी चहा घेऊन हजर झाला.

“मावशी, या वयात कशाला हा ताण? तब्येत सांभाळा. नाव काढून घ्यायचा अर्ज मी आणून देऊ का?”

“आणून दे की,” मावशी म्हणाल्या आणि चहा प्यायल्या. अर्ज त्यांनी पर्समध्ये ठेवला. त्यांना त्या अर्जांची सवय होती.

शेजारणीचा तर चेहराच उतरला. “मावशी, तुम्ही कशाला आलात परत? तुमचं तर झालं ना?”

“‘क’ घेऊन मरू की काय मी? तू तुझं बघ. ते उणे चिन्ह सोडत जाऊ नकोस.”

सत्रभर त्या तिच्या शेजारी बसल्या, तिला झोप लागली की कोपराने ढोसत राहिल्या. परीक्षेला पूर्ण वेळ बसल्या. मान खाली, पेन चालू. पोरं त्यांच्याकडे चोरून बघत होती आणि घामाघूम होत होती.

सरांनी मावशींना बोलावून घेतलं ते पेपर तपासताना. टेबलावर त्यांची उत्तरपत्रिका उघडी होती. पानावर चष्म्याच्या पाच-सहा फ्रेम सुरेख काढल्या होत्या. गोल, चौकोनी, एक मांजरीच्या डोळ्यांसारखी. संख्याशास्त्राचं एक अक्षर नव्हतं.

“बाई, हे काय आहे? श्रेणी सुधारायला बसलात ना तुम्ही? यात कोणाची श्रेणी सुधारली?”

“कोणाची ते नियमात कुठे लिहिलंय, सर?”

सरांनी चष्मा काढला. समोरच्या मार्कांच्या यादीवर त्यांची नजर गेली, खालून वर सरकली, एका नावापाशी थांबली. मग त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि मावशींच्या पेपरावर शून्य घातलं.

“वर्गात एक तरी नापास लागतोच,” ते म्हणाले.

“मिळाला ना?” मावशी उठल्या. “आणि सर, तुमच्या चष्म्याची डावी दांडी सैल झालीय. दुकानात या, बसवून देते.”

त्यांनी पर्स उचलली. दुकान उघडायची वेळ टळून चालली होती.