हौद्यातली ट्रायल

त्याने केबिनचं दार उघडून धरलं होतं. माझा एक पाय पायरीवर होता. तेवढ्यात त्याने विचारलं, "आडनाव काय म्हणालात तुमचं?"

म्हणाले नव्हते. मग सांगितलं.

त्याने दार लावून घेतलं. आपटलं नाही, सवयीने लावलं.

"असं करा बाई, तुम्ही नि तुमचे मिस्टर मागं हौद्यात बसा. ट्रायल मी मारून दाखवतो. तुम्हाला काय, हौद्याची सवय असंलच."

थोड्या वेळापूर्वी मी ताई होते. आडनाव कळलं आणि बाई झाले.

पिंपळगाव बसवंतच्या बाहेर, हायवेपासून आत, त्याची द्राक्षबाग आणि बंगला. अंगणात पांढरी डिझेल पिकअप धुऊन उभी केलेली. विकायला काढली आहे असं कळलं म्हणून आम्ही नाशिकहून बसने आलो होतो. मी, माझा नवरा आणि गाडी तपासायला ओळखीचे एक मिस्त्री. मिस्त्रींना आडनाव कुणी विचारलं नाही. त्यांच्या कपाळावर गंध होतं, तेवढं पुरलं. त्यांना त्याने केबिनमध्ये शेजारी बसवलं. मध्ये आणखी एक माणूस सहज मावला असता.

तिथे सगळे त्याला अण्णा म्हणतात. त्या दिवशी मीही अहो-जाहो केलं. इथे करणार नाही.

गाडी मी घेणार होते. चालवणारही मीच. नवऱ्याला सायकलच्या पुढे काही येत नाही, तो सातपूरला कंपनीत आहे. मी चार गल्ल्यांत पाण्याचे जार पोचवणारा मालकाचा टेम्पो चालवायचे, तोही वर्षानुवर्षं. लायसन आहे. स्वतःची गाडी पहिल्यांदाच घेत होते. आमच्या घरात कुणीच कधी चारचाकी घेतली नव्हती, जुनी नाही की नवी नाही.

आणि तरी मी चढले. मागच्या फाळक्यावर पाय ठेवला, साखळीला धरलं आणि चढले. कुणी ढकललं नाही.

हौद्याची सवय होती, ते खरंच आहे. लग्नाआधी मी याच पट्ट्यात द्राक्षाच्या बागांवर मजुरीला जायचे. पहाटे गावातून पिकअप निघायची, तिच्यात आम्ही बाया उभ्या, एकमेकींच्या खांद्याला धरून. ब्रेक लागला की सगळ्या पुढे, गाडी सुटली की सगळ्या मागे. डबे पायात. पाऊस असो, थंडी असो, केबिनमध्ये मुकादम आणि ड्रायव्हर. त्यातूनच मला गाडी शिकायचं वेड लागलं. काच खाली करून कोपर बाहेर काढून बसायचं होतं मला. एवढंच.

हौद्यात कांद्याची सडकी टरफलं चिकटलेली होती. गाडी बाहेरून धुतली होती, आतून नाही. नवरा खाली बसला, मी उभी राहिले. मागच्या काचेतून दोघांची डोकी दिसत होती. तो बोलत होता, मिस्त्री मान हलवत होते. मग दोघं हसले. कशाला ते मला माहीत नाही.

सर्व्हिस रोडला गतिरोधकावर गाडी हळू झाली. समोरून मजूर बायांनी भरलेली एक पिकअप आली, तीही हळू झाली. त्यातली एक मला बघून ओरडली, "आक्का, कोणाच्या बागंत गं?"

तिला वाटलं मी कामाला चालले. दुसरं काय वाटणार? मी म्हणू शकले असते, ही गाडी मी विकत घेतेय. तोंड उघडलंच नाही. कोण विश्वास ठेवणार? गाडी घेणारी बाई कांद्याच्या घाणीत उभी, आणि तिने आणलेला मिस्त्री केबिनमध्ये.

परत अंगणात आलो. मिस्त्रींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की इंजिन चांगलं आहे, धूर नाही, चढाला ओढते, डोळे झाकून घ्या. तोवर त्याने डॅशबोर्डवरची देवाची मूर्ती काढली. रुमालात गुंडाळली, कपाळाला लावली, खिशात घातली. देव त्याचा, त्याने न्यावा. मला त्याचं काही नाही. पण मूर्तीची जागाही त्याने ओल्या फडक्याने पुसून घेतली. फडकं टाकून दिलं. मी बघत होते हे त्याला दिसत होतं.

मग म्हणाला, "एक सांगतो, राग मानू नका. नाव ट्रान्सफर व्हायला टाइम लागंल. तोवर गाडी माझ्या नावावर फिरणार. तेवढे दिवस काचेवर ते तुमचं जय भीम, निळं चक्र, काय लावायचं नाय. इकडं मला लोक ओळखत्यात."

नवरा हो म्हणाला. लगेच. "हो हो, नाही लावणार अण्णा."

तो हो ऐकला आणि तिथेच त्याच्या फरशीवर ओकावंसं वाटलं. खरोखर. मी हाताने तोंड दाबलं.

मी म्हणाले, "मला गाडी घ्यायची नाही."

"का? गाडीत काय खोट हाय सांगा."

"गाडीत काही नाही."

"मग?"

"तुमच्याकडून मला काहीच घ्यायचं नाही."

तो हसला. मिस्त्रींकडे बघून बोलला, माझ्याकडे नाही. "सगळं फुकट मिळायची सवय. इकत घ्यायची येळ आली की असं होतं."

मिस्त्री जमिनीकडे बघत राहिले. मी फाटकातून बाहेर पडले.

बसमध्ये मिस्त्री आमच्यापासून लांब बसले. ओझरच्या पुढे आल्यावर नवरा म्हणाला की जरा कळ काढली असतीस तर चावी हातात होती. अशी गाडी पुन्हा सापडायची नाही. त्याच्या घरात थोडंच राहायचं होतं आपल्याला?

मी नवऱ्याला विचारलं, "हौद्यात तुम्हाला काय वाटलं?"

तो म्हणाला, "काही नाही वाटलं." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "त्याचीच आता घाण वाटतेय."

त्यानंतर नवऱ्याने त्या गाडीचं नाव काढलं नाही. मिस्त्रींनी मात्र फोन करून काढलं. अण्णांचा फोन होता, किंमत कमी करतायत, मागचं सोडून द्या म्हणतायत. मी सांगितलं, पुन्हा या कामासाठी मला फोन करू नका.

गाडी शेवटी मालेगावच्या एका भंगारवाल्याकडून घेतली. जुनी, डाव्या बाजूने चेपलेली. त्याने आधी चावी दिली. "चलाके देखो, बहन," म्हणाला आणि स्वतः शेजारी जाऊन बसला. गाडी काही फार गुणाची नाही. क्लच गेला, पंपाचं काम निघालं. भागवतेय.

समोरच्या काचेवर जय भीम आहे. निळं. लांबून वाचता येतं.

द्राक्षांचा सीझन सुरू झाला तशी मी पिंपळगावला एका पॅकहाऊसवर गाडी लावली. द्राक्षांचे क्रेट घेऊन मुंबईला जाणाऱ्या गाड्यांची तिथे रांग असते. माझा नंबर आला. मॅनेजरने मागच्या गाडीला बोलावलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या खेपेला मी आत गेले. त्याने मला बसायला खुर्ची दिली, गोड बोलला. म्हणाला, अण्णांचा माल आमच्याकडेच येतो, तुम्ही त्यांना काहीतरी बोलून आलात म्हणे.

"एकदा जाऊन भेटून या. नुसतं चुकलं म्हणा. लगेच लोड चालू करतो."

"चुकलेलं नाही," मी म्हणाले आणि उठले.

विंचूरला कांद्याची भाडी मिळतात. परवा नामपूरहून भरून आले. उपाशी मरत नाही मी. ओळखीचे सांगतात, पिंपळगावचा नाद सोड, त्यांच्या दारात कशाला उभी राहतेस?

मी उभी राहते. आठवड्यातून दोन दिवस भाडं सोडून जाते आणि रांगेत गाडी लावते. नंबर येतो. मॅनेजर माझ्यावरून नजर फिरवून मागच्याला हात करतो. मी खाली उतरते आणि सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत विचारते, मला लोड का नाही? तो फोन कानाला लावतो. आत निघून जातो. आतापर्यंत एकदाही उत्तर दिलेलं नाही. ड्रायव्हर आधी हसायचे. आता गप्प उभे राहून तेही उत्तराची वाट बघतात.

मॅनेजरला बोलावं लागेल. खरं कारण मी त्याच्या तोंडातून काढणार आहे, चारचौघांत, मोठ्याने, जसं आहे तसं. आणि ज्या दिवशी तो बोलेल त्या दिवशी मी तिथून थेट पोलीस ठाण्यात ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायला जाईन. ऐकणारे साक्षीदार कोण कोण, ते मी आत्ताच बघून ठेवते आहे.