रोपांच्या पाटीचा आळ

भूगावच्या दवाखान्यात मी नंबरची वाट बघत होते. कोळवणच्या एक आजी सुनेला घेऊन तपासणीच्या खोलीतून बाहेर आल्या. सुनेचा गर्भ दुसऱ्या महिन्यात पडला होता. आजी बसायलाच तयार नव्हत्या. बाकावरच्या एकेकीच्या दंडाला हात लावून सांगत सुटल्या, "गोळ्यांनीच पिशवी साफ झाली, क्युरेटिंग न्हाई लागणार. आन् डाक्टरीणबाई म्हणल्या, कामानं गर्भ पडत न्हाई. बहुतेकदा त्योच मुळात कच्चा असतुया."

माझ्यापाशी येऊन थांबल्या. "माजाबी पयला असाच गेला. भातलावणीत रोपांची पाटी उचलली म्हणून गेला, असं आजवर ह्यांच्या तोंडून ऐकत आले."

मग सुनेकडं वळल्या. "तुज्या सासऱ्यास्नी फोन लाव. आत्ताच्या आत्ता."

माझा नंबर पुकारला गेला, पण फोन लागेपर्यंत मी उठले नाही.