अपडेटने हलवलेली जिनिंग

ऑफिसात सगळं सुरळीत चालू असलं की वर्षभरात सांगण्यासारखं काही घडत नाही. पण एकदा कुणी ‘अपडेट’ दाबलं की आठवड्याभरात इतके किस्से जमतात, की ऐकणारे म्हणतात, “कायले फेकतं बे!”

दाबलं होतं सुनीताताईनं. यवतमाळच्या आमच्या ऑफिसात माणसं चारच: सर, भास्करभाऊ, सुनीताताई आणि मी. जिनिंगमधले, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यातले, पंखे, पाण्याचे फवारे, आगीचा अलार्म, सगळं कॉम्प्युटरवरून चालवून द्यायचं हा आमचा धंदा. प्रोग्राम लिहायचा नाही, चित्रासारखा काढायचा. स्क्रीनवर चौकटी ठेवायच्या आणि तारांनी जोडायच्या. एका चौकटीतला आकडा बदलला की तारेला लागलेलं पुढचं सगळं आपोआप बदलतं. हे चित्र ज्यात काढायचं, तो एडिटरच कंपनीनं पार नवा करून टाकला. ताईनं तो सरांना न विचारता सगळ्या कॉम्प्युटरवर चढवला. आणि जुना काही परत येईना!

कापसाची ती वाईट वर्षं होती. जिनिंगा एकेक करून बंद पडत होत्या, आमच्याकडे वणी आणि पांढरकवडा ही दोनच गिऱ्हाइकं उरली होती. सर भडकले. “ताई, पांढरकवड्याच्या ट्रायलमधी गडबड झाली तं तुमची सुट्टी. मंग गावी बोरी अरबले जाऊन कापूसच वेचा!”

ताई टेम्पररी होती. घरच्यांशी भांडून, शेत सोडून ती या नोकरीला आली होती.

*

पहिली किंकाळी भास्करभाऊंची. वीस वर्षं मोटारी रिवाइंड करून ते आमच्यात आलेले. त्यांची एक पद्धत होती: जिनिंगमध्ये पंखा जिथं, स्क्रीनवर चौकट तिथंच. शेड उजवीकडे, तर चौकट उजवीकडे. मधे विहीर असली तर तारही विहिरीला वळसा घालून जायची! नव्या एडिटरनं उघडल्या उघडल्या सगळ्या चौकटी एका रांगेत उभ्या केल्या.

“अबे, विहीर कुठं गेली? यानं तं अख्खी जिनिंग हलवली! आता मले पंखा सापडन कसा?”

“भाऊ, तार कुठं जोडली ते पाहा न. जागा कायले पाह्यता?” ताई म्हणाली.

भाऊंना ते पटलं नाही. दोन दिवस खपून त्यांनी प्रत्येक चौकट जागच्या जागी नेली. आणि सेव्ह करायला म्हणून शेजारचं ‘नीट लावा’ बटण दाबलं!

*

जुन्या एडिटरमध्ये हिरवं ‘रन’ बटण होतं. ते दाबण्याआधी सर मॉनिटरला नमस्कार करायचे. नव्यात बटणच नाही! आकडा बदलला की त्याच क्षणी मशीन चालते. हे आम्हाला कुठं ठाऊक?

वणीला सर शेडमध्येच लॅपटॉप घेऊन बसले. मालक कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून फवाऱ्याखाली उभे.

“हे पाहा, इथं आकडा असा वाढवला, अन् मंग रन दाबलं, की पाणी येईन...”

“आता रन कायले दाबता?” चिंब भिजलेले मालक म्हणाले.

सरांनी हात जोडले. पण यावेळी मॉनिटरला नाही!

*

हा किस्सा माझाच. नव्या एडिटरमध्ये दोघांना एकाच चित्रात एकदम काम करता येतं, हेही कुणाला माहीत नव्हतं. मी आणि भाऊ पाठीला पाठ लावून बसायचो. नेटवरून थेट जिनिंगला जोडलेल्या वणीच्या चित्रात मला तिसरा पंखा जास्तीचा वाटला, मी काढला. बघतो तर तो परत हजर! पुन्हा काढला, पुन्हा आला. माझ्या मागं भाऊ स्वतःशीच करवादत होते, “कोन काढून राह्यलं बे माया पंखा?”

मी मात्र हेडफोन लावून बसलेला; हे मला नंतर भाऊंकडून कळलं. शेवटी वणीहून फोन आला.

“साहेब, तिसरा पंखा सकाळपासून चालू-बंद, चालू-बंद होऊन राह्यला. मजूर आत जायले तयार नाहीत!”

*

मग पांढरकवड्याची ट्रायल. यार्डात कापसाच्या चार गंज्या, म्हणजे मोठाले ढीग. कापूस आतल्या आत तापून पेटतो, म्हणून प्रत्येकीत तापमान मोजणारी एक सळई खुपसलेली. त्या वर्षी एवढाच कापूस आला होता. मालक, मुनीम, पंधरावीस मजूर, सगळे गोळा झाले. ताईनं पहिल्या गंजीच्या चौकटीत खोटा आकडा घालायचा आणि अलार्म वाजवून दाखवायचा, एवढंच काम.

ताईनं आकडा चढवला. अलार्म वाजला! टाळ्या पडल्या. ताईनं आकडा उतरवला.

अलार्म वाजतच राहिला.

“बंद करा न बाई, समजलं आमाले,” मालक हसत म्हणाले.

थांबेचना! मालकांचं हसू मावळलं. सर माझ्या कानाशी पुटपुटले, “गेलं काम. अन् ताईची नोकरीबी गेली.”

ताईनं स्क्रीनवरून मान वर केली नाही. नव्या एडिटरमध्ये तारेवर माउस नेला की तिच्यातून चाललेला आकडा दिसतो. ती एकेका तारेवरून माउस नेत होती.

“सर, खोटा आकडा मी कवाचाच काढला. हा तिसऱ्या गंजीतून येऊन राह्यला. अन् चढूनच राह्यला.”

“ते गंजी तं गार पडली हाये!” मालक म्हणाले. ते तरातरा गंजीपाशी गेले, बाही कोपरावर सारली, सगळ्यांकडे बघून मान हलवली आणि हात आत खुपसला.

लगेच बाहेर काढला.

“पाइप आणा बे! पाइप!”