वाघाच्या पट्ट्यातला ट्रान्झिस्टर

चंद्रपूरच्या आमच्या लॅबमध्ये तीनच माणसं, पण किस्से मात्र कपाटातल्या जुन्या बोर्डांसारखे साठत गेले. फेकवत नाहीत.

काम एकच होतं. वाघाच्या गळ्यातल्या पट्ट्यात बसेल असा इवलासा ट्रान्समीटर, एका सेलवर वर्षानुवर्षं चालणारा. मोहफुलं वेचायला निघालेल्या बायांना वाघ कुठं आहे ते आधी कळावं, म्हणून. अडचण ट्रान्झिस्टरची. सेल टिकावा म्हणून करंट कमी केला, की वरच्या फ्रिक्वेन्सीला तो दमायचा. त्याला कमी करंटवर पळायला लावायचं, एवढ्यासाठी आमचे मेश्राम सर पाच वर्षं झटले.

*

पहिला बोर्ड चालला तो सुनंदाबाईंच्या हातात. सोल्डरिंग त्याच करायच्या. त्यांचा हात जवळ असला की सिग्नल यायचा, काढला की बंद.

"हातानं कपॅसिटन्स बदलतो," सर म्हणाले. "कुणाच्याही हातानं होईल."

सरांच्या हातानं झालं नाही. माझ्याही नाही. बाई दुपारपर्यंत तशाच बसून राहिल्या, मग म्हणाल्या, "सर, मलेच बांधा ना वाघाच्या गळ्याले."

*

एकदा एक ट्रान्झिस्टर निम्म्या करंटवर सुसाट निघाला. सर खूश. तपासलं तर बाईंनी तो उलटा बसवलेला. उलटा असल्यावर तो जेमतेम चालायला हवा. सरांनी सुलटा केला, मंदावला. पुन्हा उलटा केला, मेला.

"आपल्याले समजलं हे त्याले समजलं," बाई म्हणाल्या.

*

मग तो सेलचा किस्सा. सेल काढला तरी रिसीव्हरवर टिकटिक चालूच.

"कपॅसिटरमधला चार्ज आहे, दोन मिनिटांत संपेल," सर म्हणाले.

आम्ही चहा पिऊन आलो, तरी टिकटिक. सरांनी बोर्डावर काळं कापड टाकलं. थांबली. उचललं, सुरू.

"सिलिकॉनवर उजेड पडला की थोडी वीज तयार होते," सर म्हणाले. मग हळूच, "पण इतकी नाही."

त्या दिवशी लॅब आम्ही ऊन असतानाच बंद केली.

*

शेवटी पट्टा आलापल्लीच्या सागवानात नेला. सोबत वनरक्षक आत्रामभाऊ. त्यांच्या गावची दोन माणसं वाघानं नेलेली, त्यातलं एक लेकरू. "वाघाच्या आधी माह्याच कमरेले बांधा," म्हणाले.

पट्टा हलला की ठोके जलद, स्थिर राहिला की सावकाश, अशी सोय होती. भरदुपारी भाऊ पट्टा बांधून आत शिरले. सर आणि मी रस्त्यावर जीपपाशी ऐकत होतो. जलद, जलद. मग सावकाश. मग बराच वेळ सावकाशच. सर उठून उभे राहिले.

तेवढ्यात भाऊ मागून आले. कमरेला पट्टा नव्हता.

"झाडाले टांगून आलो. किती दुरून ऐकू येते, पाहू म्हटलं."

सर हसले. आणि रिसीव्हरवर ठोके जलद झाले.

वारा नव्हता. सागाचं पानही हलत नव्हतं. "माकड असन," भाऊ म्हणाले, पण काठी उचलली. आम्ही सिग्नलच्या दिशेनं गेलो. झाड दिसलं तसे ठोके सावकाश झाले.

पट्टा खाली पाचोळ्यावर पडला होता. भाऊंनी तो बकल उघडं ठेवून फांदीवर टाकला होता. आता बकल लागलेलं होतं, सगळ्यात आतल्या भोकात. त्या घेरात एखाद्या लेकराची कंबर मावली असती.

सर उचलायला वाकले. भाऊंनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या सर. त्याले आवडला असन."